एसएसडी घ्यावी का? आधी गेमचे साल विचारा

‘गेमिंगच्या पीसीत एसएसडी घेण्यात अर्थ आहे का?’ हा प्रश्न इतिहासाच्या धाग्यात कशाला, असे काहींना वाटेल. परंतु या प्रश्नाची जी दोन उत्तरे सर्वत्र ऐकू येतात, ती नीट ऐका. एक पक्ष म्हणतो, ‘डोळे मिटून घे, त्याशिवाय आता गेम चालतच नाहीत.’ दुसरा म्हणतो, ‘त्याने एकही फ्रेम वाढत नाही, तेच पैसे ग्राफिक्स कार्डात घाल.’ दोन्ही पक्ष खरे बोलत आहेत. फक्त ते दोन वेगवेगळ्या काळांविषयी बोलत आहेत. साधनांची तारीख न पाहता वाद घालणाऱ्या दोन अभ्यासकांचे जसे होते, तसेच हे आहे. आणि इथे पणाला लागलेली गोष्ट खोटी नाही. महिनोन्महिने साठवलेल्या पैशांतून पीसी जोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या यादीत एक वस्तू चढली, की दुसरी उतरते.

म्हणून हा धागा कालक्रमाने लिहितो आहे. थोडा लांब आहे, पण शेवटी निर्णयापर्यंत येऊ.

सप्टेंबर १९५६. आयबीएम या अमेरिकन कंपनीने ३०५ रॅमॅक नावाचा संगणक जाहीर केला. त्याचा साठवणुकीचा भाग म्हणजे जगातील पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क. सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ती घडली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एका उभ्या अक्षावर मिनिटाला १,२०० फेरे घेत असत. कपाटाएवढ्या आणि टनाहून जड अशा त्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या हिशेबाने चार मेगाबाइटही नाहीत. हवी ती नोंद गाठण्यास सरासरी ६०० मिलिसेकंद लागत, कारण वाचणारी भुजा आधी योग्य चकतीपाशी वर-खाली जाई, मग आत सरके, आणि मग चकतीवरची नेमकी जागा फिरून समोर येईपर्यंत थांबे.

या ‘थांबण्या’वर जरा रेंगाळू, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. ज्यांनी पुण्याच्या पुराभिलेखागारात काम केले आहे, त्यांना हे सांगायला नको. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असतात. कागद वाचायला लागणारा वेळ वेगळा आणि तो रुमाल आतून शोधून, आणून, सोडून समोर येईपर्यंतचा वेळ वेगळा. एकाच रुमालातले शंभर कागद वाचणे सोपे असते. शंभर रुमालांतून एकेक कागद मागवा, म्हणजे दिवस मागवण्यातच जातो. हार्ड डिस्कचे दुखणे हेच. ओळीने रचलेली माहिती ती सपाट्याने वाचते, विखुरलेली माहिती गोळा करताना मात्र बहुतेक वेळ ‘मागवण्यात’ जातो.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. १९५६ ते २००७ या ५१ वर्षांत डिस्कची क्षमता चार मेगाबाइटच्या आतून एक टेराबाइटवर गेली. हिताचीने २००७ मध्ये पहिली एक टेराबाइटची डिस्क बाजारात आणली. म्हणजे वाढ दोन लाख पटींहून अधिक. त्याच काळात चकतीचा वेग मिनिटाला १,२०० फेऱ्यांवरून ७,२०० वर आला. सहा पट! ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत होते. सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, त्यात भुजा सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवा. म्हणजे एका ‘मागणी’ला १२-१३ मिलिसेकंद, आणि सेकंदाला जेमतेम ७५-८० मागण्या. कोठार लाखो पटींनी वाढले, कोठाराचा शिपाई मात्र पन्नासएक पटच चपळ झाला. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या डिस्काही निघाल्या होत्या, पण त्या सर्व्हरसाठी. उष्णता, आवाज आणि किंमत यांमुळे घरच्या संगणकात त्या रुजल्या नाहीत. धातूचा तुकडा किती जोरात फिरवावा, याला मर्यादा आहे.

गेमच्या जगाला या मर्यादेची झळ बसली ती सीडीच्या काळात. त्याआधी घरच्या कन्सोलवरचे बहुतेक गेम कार्ट्रिजवर येत. आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना ती चौकोनी डबी आठवेल. त्यात चिप असे, फिरणारा भाग एकही नसे, त्यामुळे वाट पाहणे जवळपास नव्हतेच. पुढे सोनीचे प्लेस्टेशन (१९९४) सीडी घेऊन आले आणि निन्टेन्डोने निन्टेन्डो ६४ (१९९६) मध्ये कार्ट्रिजच कायम ठेवली. ‘सुपर मारिओ ६४’ आठ मेगाबाइटच्या कार्ट्रिजवर मावला होता. सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावत आणि ती छापायला कितीतरी स्वस्त. पण प्लेस्टेशनची सीडी सेकंदाला ३०० किलोबाइट या गतीने वाचली जाई आणि कन्सोलची मुख्य रॅम दोन मेगाबाइट होती. भागाकार करून पाहा. ती रॅम एकदा भरायला सात सेकंद लागत, तेही सारे ओळीने मांडलेले असेल तर.

कोण जिंकले? स्क्वेअर कंपनीने ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) निन्टेन्डो सोडून प्लेस्टेशनवर आणला, तीन सीडींवर. वेग की जागा, या निवडीत बाजाराने जागा घेतली आणि वाट पाहण्याची किंमत खेळाडूच्या माथी मारली. एसएसडीविषयीचा आजचा वाद मला याच जुन्या वादाचा पुढचा अंक वाटतो.

मग ही वाट लपवायची कशी, याची एक कलाच तयार झाली. ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) मध्ये एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना काळोखात हळूहळू उघडणारे दार दिसते. ते दार म्हणजे लोडिंग. भीती वाढवण्याचे श्रेय त्याला आयते मिळाले! ‘मास इफेक्ट’ (२००७) मधल्या संथ लिफ्टा तर थट्टेचा विषय झाल्या. ‘गॉड ऑफ वॉर’ (२०१८) मध्ये नायक अरुंद कपारीतून अंग चोरून सरकतो, तेवढ्या वेळात पुढचा प्रदेश डिस्कवरून रॅममध्ये येत असतो. नामको कंपनीने लोडिंगच्या वेळात छोटा गेम खेळू देण्याच्या कल्पनेचे चक्क पेटंट घेतले होते. अमेरिकेत ते २०१५ मध्ये संपले, तोवर इतर कंपन्यांना त्यापासून दूरच राहावे लागले. दारे, लिफ्टा, कपारी, बोगदे या सगळ्यांकडे मी आता डिस्कच्या भुजेने आखलेली वास्तुरचना म्हणून पाहतो. गेमचा नकाशा कसा असावा, हे काही अंशी धातूची एक भुजा ठरवत होती.

इकडे दुसरी कथा जपानमध्ये सुरू झाली होती. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरीची आणि १९८७ मध्ये तिच्या ‘नँड’ प्रकाराची मांडणी जगापुढे केली. वीज गेली तरी माहिती टिकते आणि फिरणारे काही नाही. साठवलेला मोठा हिस्सा एका झटक्यात पुसला जातो, म्हणून कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून एका सहकाऱ्याने नाव सुचवले, असे सांगतात. (या शोधाच्या मोबदल्यासाठी मासुओकांना पुढे आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. त्यावर कधीतरी वेगळा धागा लिहीन.)

१९९१ मध्ये सनडिस्क कंपनीने, म्हणजे पुढची सॅनडिस्क, फ्लॅशवर आधारलेली २० मेगाबाइटची डिस्क आयबीएमला लॅपटॉपसाठी दिली. किंमत हजार डॉलरच्या घरात. या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक संजय मेहरोत्रा, जन्म कानपूरचा. एवढ्या महाग वस्तूचा गेमशी संबंध येणे शक्य नव्हते. ती स्वस्त झाली ती पीसीमुळे नव्हे. डिजिटल कॅमेऱ्यांची कार्डे, पेन ड्राइव्ह, खिशातले संगीतयंत्र आणि नंतर स्मार्टफोन यांनी फ्लॅशचे कारखाने पोसले. ॲपलचा २००५ चा आयपॉड नॅनो हे त्यातले ठळक वळण. तोवरच्या आयपॉड मिनीमध्ये इवलीशी हार्ड डिस्क असे, नॅनोत तिची जागा फ्लॅशने घेतली.

इंटेलची एक्स२५-एम ही एसएसडी सप्टेंबर २००८ मध्ये आली. ८० गिगाबाइट, आणि घाऊक किंमत ५९५ डॉलर! एका मागणीला लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे हार्ड डिस्कच्या शंभराव्या हिश्श्याइतका. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला. वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले, डिस्कच्या मोटारी बनवणाऱ्या निडेकलाही फटका बसला, आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव काही आठवड्यांत भडकले. एसएसडीचे भाव उतरत असतानाच हे घडल्याने दोघांतली दरी अचानक अरुंद झाली. एसएसडीच्या प्रसाराला ‘तंत्रज्ञानाचा विजय’ म्हणणाऱ्यांनी या पुराची आठवण ठेवावी.

आता आपल्या प्रश्नाचा पहिला कालखंड, साधारण २००८ ते २०२०. या काळात ‘फ्रेम वाढत नाहीत’ म्हणणारा पक्ष बरोबर होता. पडद्यावरचे प्रत्येक चित्र ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर तयार करतात, तेही आधीच मेमरीत येऊन बसलेल्या माहितीतून. डिस्कचे काम माहिती आणून देण्यापुरते. एसएसडीने विंडोज चटकन सुरू होई, लेव्हल लवकर उघडे, मोकळ्या जगाच्या गेममधले मधलेच अडखळणे कमी होई. गेम मात्र तोच राही. कारण तो गेम तुमच्या पीसीसाठी लिहिलेलाच नव्हता. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही कन्सोलांत साधी हार्ड डिस्क होती, आणि मोठे गेम बहुधा तिन्हींकडे एकदमच विकले जात. सर्वांत मंद डिस्कवर जे चालेल, तेच रचायचे. हजारो रुपये खर्चून घेतलेल्या तुमच्या एसएसडीलाही त्या कपारीतून अंग चोरूनच जावे लागे.

शिवाय प्रत्येक वाट डिस्कमुळेच पाहावी लागते, असेही नाही. ‘जीटीए ऑनलाइन’ सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागतात, ही वर्षानुवर्षांची तक्रार होती. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने खोदकाम केले. सुमारे दहा मेगाबाइटची, त्रेसष्ट हजारांच्या आसपास वस्तूंची एक यादी गेम इतक्या अडाणी पद्धतीने वाचत होता की प्रोसेसरचा एकच भाग मिनिटेच्या मिनिटे राबत बसे. डिस्क रिकामी, ग्राफिक्स कार्ड रिकामे. दुरुस्तीने लोडिंगचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला, आणि रॉकस्टार कंपनीने त्या माणसाला दहा हजार डॉलर बक्षीस दिले. त्याआधी याच गेमसाठी एसएसडी घेतलेल्यांच्या पदरात काय पडले असेल, याचा विचार करा.

दुसरा कालखंड सुरू होतो त्याला तारीख देता येते. १८ मार्च २०२० रोजी प्लेस्टेशन ५ चे प्रमुख शिल्पकार मार्क सर्नी यांनी एक तांत्रिक व्याख्यान दिले. नव्या कन्सोलमध्ये ८२५ गिगाबाइटची, सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचणारी एसएसडी असेल, असे त्यांनी सांगितले. जुन्या कन्सोलची हार्ड डिस्क सेकंदाला ५० ते १०० मेगाबाइट देई. मला त्या व्याख्यानातला सर्वांत मोलाचा भाग हा आकडा वाटत नाही. सर्नी यांनी ‘स्पायडर-मॅन’ (२०१८) या गेमचे उदाहरण दिले. त्यातल्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील टपालपेटीसारख्या काही वस्तूंच्या प्रती डिस्कवर चारशे-चारशे वेळा ठेवलेल्या होत्या. का? रुमालांची गोष्ट आठवा. शहराच्या प्रत्येक तुकड्याला टपालपेटी लागते. दर वेळी ती आणायला भुजा दूर पाठवण्यापेक्षा प्रत्येक रुमालात त्याच कागदाची एक नक्कल बांधून ठेवणे सोयीचे. वेग मिळवण्यासाठी जागा जाळायची.

त्याच वर्षी नोव्हेंबरात प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही कन्सोलांत एसएसडी आली, आणि सर्वांत मंद डिस्कचा जो तळ गेमकर्त्यांना धरावा लागे, तो वर सरकला. मात्र हे एका रात्रीत झाले नाही. जुन्या कन्सोलांचे कोट्यवधी ग्राहक टाकून देणे कोणालाच परवडणारे नव्हते, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षे दोन्ही पिढ्यांवर चालणारे गेम येत राहिले. ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ (२०२१) हा गेम एसएसडीशिवाय अशक्य, अशा थाटात मिरवला गेला. २०२३ मध्ये तो पीसीवर आला, तेव्हा किमान गरजांच्या यादीत हार्ड डिस्कलाही जागा होती. जाहिरातीला समकालीन साधन म्हणून वापरताना जी सावधगिरी बाळगायची, ती इथेही बाळगावी.

तथापि २०२३ हे वर्ष मी सीमारेषा मानतो. त्या वर्षी ‘बाल्डर्स गेट ३’ आणि ‘स्टारफील्ड’ यांनी किमान गरजांतच एसएसडी आवश्यक म्हणून लिहिली. ‘सायबरपंक २०७७’ ने तर आपल्या मोठ्या सुधारणेबरोबर किमान गरजांतून हार्ड डिस्क काढून टाकली. जो गेम २०२० मध्ये हार्ड डिस्कवर चालेल असे सांगून विकला गेला, त्याच गेमने तीन वर्षांनी तिला दार बंद केले.

टपालपेटीच्या गोष्टीला अलीकडेच एक झकास पुस्ती जोडली गेली. ॲरोहेड या स्वीडिश कंपनीचा ‘हेलडायव्हर्स २’ (२०२४) पीसीवर सुमारे १५४ गिगाबाइट जागा खाई. कन्सोलवर तो त्याच्या कितीतरी कमी जागेत मावत होता. कारण तेच. हार्ड डिस्क वापरणाऱ्या पीसीवाल्यांची गैरसोय होऊ नये म्हणून ठेवलेल्या नकला. २०२५ च्या अखेरीस कंपनीने त्या काढून टाकल्या आणि गेम सुमारे २३ गिगाबाइटवर आला! हार्ड डिस्कवाल्यांचे लोडिंग फार वाढेल ही भीतीही फोल ठरली, काही सेकंदांचाच फरक पडला. कारण या गेममध्ये वाट पाहावी लागते ती मुख्यतः रणभूमी नव्याने रचण्यासाठी, आणि ते काम प्रोसेसरचे. म्हणजे थोड्या हार्ड डिस्कवाल्यांच्या ज्या सोयीसाठी सर्वांच्या एसएसडीवरची शंभराहून अधिक गिगाबाइट जागा अडली होती, ती सोयही बहुतांशी कल्पितच होती. कोणी मोजून पाहिले नव्हते.

तर मित्रहो, निर्णयाकडे येऊ. आपण कोणत्या सालचे गेम खेळतो ते आधी लिहून काढा. तुमचा मुक्काम २०२० च्या आधीच्या गेमवर असेल, तर एसएसडी ही सुखसोय आहे. मोठी सुखसोय, पण फ्रेम अडखळत असतील तर पैसे ग्राफिक्स कार्डात किंवा रॅममध्येच घालावेत. २०२३ नंतरचे मोठे गेम खेळायचे असतील, तर एसएसडी ही चैन उरलेली नाही. आणि पीसीत अजून एकही एसएसडी नसेल, तर विंडोज आणि सध्या चालू असलेले दोन-तीन गेम मावतील एवढी एक साधी एसएसडी आधी घ्यावी, असे माझे मत आहे. जुनी हार्ड डिस्क फेकू नका. न खेळले जाणारे गेम तिच्यावर ठेवा. स्टीमवर गेम एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही.

त्यापुढचा मोह टाळावा. साध्या साटा एसएसडीवरून सर्वांत महागड्या एनव्हीएमई एसएसडीवर गेल्याने चाचणीचे आकडे डोळे दिपवतात, बहुतेक गेमच्या लोडिंगमध्ये मात्र फरक थोडका असतो. माहिती आल्यावर ती उलगडण्यात प्रोसेसरच मागे पडतो. मायक्रोसॉफ्टचे डायरेक्टस्टोरेज हे तंत्र नेमके यासाठी आले, पण ते वापरणारे गेम अजून मोजके आहेत. प्रत्येक पेशीत चार बिट साठवणाऱ्या स्वस्त क्यूएलसी एसएसडीविषयीही धास्ती नको. त्या सलग मोठे लेखन करताना मंदावतात, पण गेम खेळताना डिस्क मुख्यतः वाचली जाते.

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा. एक, गेम लोड होत असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसला असेल, तर दोष भुजेचा. डिस्क शांत आणि प्रोसेसरच घामाघूम असेल, तर एसएसडीने तिथे फार काही होणार नाही. दोन, लॅमिंग्टन रोडवर वा तापकीर गल्लीत जाण्यापूर्वी मदरबोर्डचे माहितीपत्रक वाचा. एम.२ ची खाच आहे का आणि असल्यास ती साटा घेते की एनव्हीएमई, हे त्यात लिहिलेले असते. दिसायला दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्याच असतात, आणि चुकीची पट्टी खाचेत बसली तरी संगणकाला ती दिसत नाही. खाचच नसेल, तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या. ती जुन्या हार्ड डिस्कच्याच प्रकारच्या केबलींवर चालते.